वशिला, गुणवत्ता आणि आपली पोरं

सिनेमातली घराणेशाही म्हटली की आपली पोरं कपूर घराण्याचं नाव घेतात, दोन शिव्या घालतात आणि मोकळी होतात. शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. आता तर हा प्रश्न आपल्याच घरात आला आहे.

आम्ही नाशिकच्या वस्त्यांमध्ये काम करतो. आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा पथनाट्यात चांगलं काम करतो. त्याचे मामा मुंबईत मालिकांच्या सेटवर लाइटमन आहेत. ऑडिशन कधी आणि कुठे आहे, हे त्यांना आधी कळतं. मुलगा म्हणाला, "दादा, मामाचं नाव सांगून गेलो तर मीही वशिल्याचं तट्टूच ना? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. आमचं उत्तर असं की मामाचं नाव बिनधास्त सांग. ते का, हे समजायला नाशिकचाच इतिहास पुरेसा आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यात रोहिदास कोण झाला? फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्यानंतर नाशिकला येऊन त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं. कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. या सगळ्यांची कला खरी होती. बायका सिनेमाकडे फिरकत नव्हत्या, त्या काळात दुर्गाबाईंनी दाखवलेलं धाडसही खरं होतं. मुद्दा एवढाच की वशिला हा सिनेमाला नंतर जडलेला रोग नाही, तो पहिल्या दिवसापासून आहे. 'हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके. त्यांना दार उघडलं, कारण त्या भूमिकेसाठी बाई मिळत नव्हती. घरच्याला नात्यामुळे प्रवेश आणि बाहेरच्याला अडचण असेल तेव्हाच, हा नियम तिथूनच दिसतो.

मग आपल्याकडे कलेचा वारसा नव्हता का? होता. याच नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गात फिरले. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आनंद-मिलिंदकडे आणि पुढे आदर्शकडे आला. कला आपल्याकडेही बापाकडून लेकाकडे गेली. गेली नाही ती निर्मात्याची ओळख, मुंबईतलं हक्काचं घर आणि दोन वर्षं कमाई नसली तरी चुलीची चिंता न करण्याची सोय. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी अशा ओळखीपाळखींना सामाजिक भांडवल म्हटलं. आपल्या देशात हे भांडवल जातीच्या खात्यात जमा होतं. पिढ्यानपिढ्या त्याचं व्याज खाणारे त्यालाच गुणवत्ता म्हणतात, आणि आपल्या पोराने लाइटमन मामाचं नाव घेतलं की त्याला वशिला म्हणतात!

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी 'फॅन्ड्री'साठी गावात हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेला उभं केलं, 'सैराट'साठी अकलूजच्या रिंकू राजगुरूला. एक माणूस आत गेला आणि ज्यांचं सिनेमात कोणी नव्हतं अशी पोरं पडद्यावर आली. ओळखीचा उपयोग असाही होतो.

म्हणून ओळख वापरा, पण तीन गोष्टी पाळा. पहिली, ओळख दारापर्यंत नेते, कॅमेऱ्यासमोर तुम्ही एकटेच असता, तेव्हा तालीम सोडू नका. दुसरी, ओळखीने गेलो हे लपवू नका. लपवलं की उद्या तुम्हीही स्वतःच्या गुणवत्तेच्या बढाया माराल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ऑडिशनची खबर मिळाली की ती वस्तीतल्या आणखी चार जणांना द्या, त्यात मुलीही असू द्या. स्पर्धा वाढेल म्हणून खबर दाबून ठेवणारा आणि घराणेशाही करणारा यांच्यात आम्हाला फरक दिसत नाही.

फाळके स्मारक ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथेच वर आपली त्रिरश्मी लेणी आहेत. तिथला उषवदात हा राजा नहपानाचा जावई. शिलालेखात त्याने हे नातं उघडपणे सांगितलं आहे, आणि लेणं दान दिलं आहे ते चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघाला. नातं सांगायला लाजू नका, पण मिळालेली जागा एकट्याच्या नावावर करू नका.

बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितलं, ते केवळ मोर्च्यापुरतं नाही. बँकेत, विद्यापीठात, न्यायालयात आणि सिनेमाच्या सेटवरही आपली माणसं एकमेकांच्या ओळखीची असली पाहिजेत. ज्यांचे मामा, काका, ताई या क्षेत्रात आहेत त्यांनी आपापल्या वस्तीत एक रविवार द्यावा आणि पोरांना आतली वाट दाखवावी.

जय भीम!