कंदील बारीक करा, मग बघा

राजूरहून भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला जाणारी एसटी चुकली, की रात्र स्टँडवरच्या बाकावर. चाळीस वर्षांपूर्वी आम्हा चार मित्रांची रात्र तशीच गेली. भंडारदऱ्याला लोक तेव्हा यायचे ते १९२६ साली पुरं झालेलं, प्रवरेवरचं विल्सन धरण बघायला. आम्हाला त्याच्या मागे, रतनवाडीला जायचं होतं. मे महिना सरत आलेला. दुसऱ्या दिवशी मुतखेल गाव ओलांडून चालत राहिलो. फाटा आला की गुरं वळणाऱ्या एखाद्या बाबांना विचारायचं. बाबा नुसता हात दाखवून थांबत नसत, अर्धा कोस सोबत येत.

अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका घराच्या पडवीत जागा मिळाली. मावशींनी नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. पैसे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला. अखेर पिशवीतला चहा-साखरेचा पुडा चुलीपाशी ठेवून आलो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या घराला चार पैशांची किती नड असेल, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नाही. आज त्याची खंत वाटते.

रात्री मावशी म्हणाल्या, "कंदील बारीक करा, मग बघा." समोरचं सादड्याचं झाड काजव्यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. आम्ही कितीतरी वेळ बोललोच नाही.

परवा पुन्हा त्या भागात गेलो, तो रतनवाडीजवळच्या साम्रद गावी. मुक्काम व्हॉट्सॲपवर ठरला: माणसं किती, जेवायला काय, गाडी कुठवर येते. निघताना, ज्या घरी उतरलो तिथल्या सूनबाईंनी दारावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. पैसे थेट त्यांच्या खात्यात, मधे कुणी दलाल नाही. जवळच्या सांदण दरीत नेणारी पोरंही गावातलीच. त्यांचे नंबर लोक एकमेकांना पाठवतात. एसटीच्या त्या बाकावर माझा जीव असला, तरी हे दिवस गावासाठी बरे आहेत.

पण याच फोनवरचे काजव्यांचे रील बघून जूनच्या शनिवारी गाड्यांची रांग लागते. काजव्याचा नर उडता उडता चमकतो, खाली झुडपात बसलेली मादी त्याला चमकून उत्तर देते. पंख फुटल्यावरचं त्यांचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. हेडलाइट आणि टॉर्चच्या झोतात ही हाक हरवते, जोड्या जुळत नाहीत, पुढच्या पिढीची अंडी कमी पडतात. १९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. काजव्यांच्या दिवसांत वनखातं रात्रीच्या गाड्यांना वेळेचं बंधन घालतं. तो जाच समजू नका.

फोन घरून निघण्याआधी भरपूर वापरा. शनिवार-रविवार सोडून दिवस निवडा, मुक्काम गावातल्याच घरी ठरवा, पैसे तिथेच द्या. झाडाखाली पोचलात की मात्र फोन खिशात ठेवा, गाडीचे दिवे बंद करा आणि दहा मिनिटं अंधारात उभे राहा.