धाकट्या मुक्तिबोधांचा शोध

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या एका मराठी संशोधिकेने तुलनात्मक अभ्यासासाठी मुक्तिबोध बंधूंची निवड केली. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते, आणि ते गाव भिलाईहून आगगाडीने तासाभराच्या आत. धाकटे शरच्चंद्र नागपूरला. घरची भाषा एकच. पण थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत. पोलाद कारखान्यामुळे विदर्भातून येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबातील या मुलीला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा तिचा रोजचाच व्यवहार.

महाविद्यालयीन ग्रंथालयांना ‘एन-लिस्ट’ योजनेतून जे डेटाबेस उपलब्ध होतात, त्यांत तिने प्रथम ‘मुक्तिबोध’ एवढेच आडनाव घातले. यादी बरीच मोठी आली. परंतु सगळी थोरल्यांवर. मग धाकट्यांचे पूर्ण नाव रोमन लिपीत घातले. उत्तर आले : शून्य.

1979 साली ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळविणाऱ्या समीक्षकावर कोणी काही लिहिलेच नसेल, हे संभवत नाही. शून्याचा अर्थ वेगळा होता. ‘शरच्चंद्र’ या नावातील संधी रोमन लिपीत कोणी ‘च’ने लिहितो, कोणी ‘त’ने, कोणी तो सोडवून ‘द’ने, आणि यंत्राला संधिविग्रह येत नाही. नावे शुद्ध लिहिण्याचा आग्रह तिने येथे सोडला, हे शहाणपणाचे झाले. एकेक अशुद्ध रूप घालून पाहताना ‘शोधगंगे’तील एक प्रबंध हाती लागला. त्याची पाने छायाचित्रांसारखी उतरविलेली असल्याने त्यांतील मजकुरात शब्द शोधण्याची सोय नव्हती. ती पाने तिने एकेक करून वाचली. दुसऱ्या एका प्रबंधाचे टंकन जुन्या फॉन्टमधले. पडद्यावर अक्षर सुबक, नक्कल करून घ्यावी तर निरर्थक चिन्हांची रांग.

खरे धन तळटीपांत होते. ‘सत्यकथा’, ‘युगवाणी’ अशा नियतकालिकांतील लेख, त्यांचे महिने, वर्षे. मराठी नियतकालिकांचे जुने अंक अशा डेटाबेसमध्ये क्वचितच आढळतात. शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची 1950 पर्यंत येते, पण ती ग्रंथांची, लेखांची नव्हे. तेव्हा तळटीपांची यादी वहीत उतरवून तिने दुर्गहून नागपूरची गाडी धरली.

तेथील एका जुन्या ग्रंथालयात कार्डांचे खण अजून शाबूत होते. ‘म’चा खण ओढला. आधी ‘मुक्तिबोध, गजानन माधव’ यांची थोडी कार्डे, आणि त्यांना लागूनच ‘मुक्तिबोध, शरच्चंद्र’ यांची. शाई फिकटलेली होती. संधी मात्र बिनचूक. ग्रंथपालांनी पावती पुस्तक पुढे केले आणि कोणत्या वर्षांचे बांधीव अंक काढू, असे विचारले.