क्रियापद कोणाच्या खात्यावर?

व्यापारी घरातील मुलांना आकड्यांचे भय सहसा नसते. शेकडा, व्याज आणि वजनमाप यांची ओळख त्यांना दुकानाच्या गादीवरच झालेली असते. बँकेच्या स्पर्धापरीक्षेला बसल्यावर ही मुले गणितात मागे पडत नाहीत. ती अडतात इंग्रजीपाशी, आणि त्यातही व्याकरणापाशी.

दक्षिण महाराष्ट्रातील एका गूळ व्यापाऱ्याच्या कन्येची हीच अडचण होती. तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले होते आणि पदवी वाणिज्य शाखेची होती. प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठी आय.बी.पी.एस.ची पूर्वपरीक्षा तिने दोनदा दिली. या परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि त्यांसाठी २० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नास ४० सेकंद. प्रत्येक विषयात किमान गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. त्यामुळे गणितातला नफा इंग्रजीच्या तोट्यात वळता करता येत नाही. दोन्ही वेळा ती इंग्रजीतच थांबली. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती, आणि तिसरा प्रयत्न शेवटचा, असे वडिलांनी सांगून टाकले होते.

नियमांचे जाड पुस्तक तिने पाठ केले होते. तरीही 'द लिस्ट ऑफ आयटम्स आर रेडी' हे वाक्य तिला बरोबरच वाटले, कारण क्रियापदाच्या शेजारी 'आयटम्स' हे अनेकवचन बसले होते. तिच्या आजोबांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी वाक्याचा अर्थ तेवढा विचारून घेतला.

"वस्तूंची यादी तयार आहे म्हणतेस, की तयार आहेत?"

"आहे, अण्णा. यादी एकच ना!"

"मग बाळ, क्रियापद यादीच्या खात्यावर टाक. वस्तूंच्या नावे कशाला मांडतेस?"

जमाखर्चात रक्कम शेजारच्या खात्यावर पडली तर ताळा जमत नाही. वाक्याचेही तसेच आहे. क्रियापद जवळच्या नामाचे नसते, ते खऱ्या कर्त्याचे असते. 'द वुमन, अलाँग विथ हर चिल्ड्रन, हॅज कम' यात 'हॅज' का, असे विचारण्यापूर्वी 'मुलांसह ती बाई आली' हे वाक्य मनात म्हणावे. तेथे 'आली' ऐवजी 'आल्या' किंवा 'आली आहेत' असे कोणी म्हणणार नाही. 'इन्फर्मेशन' या शब्दाला अनेकवचनाचा 'स' लागत नाही, हे 'माहिती' या शब्दानेच शिकवलेले आहे. 'माहित्या' असे आपण कधी बोलत नाही.

त्या दिवसापासून तिने एका वहीत तीन खाती उघडली. पहिले खाते मातृभाषा ज्यात साक्ष देते अशा नियमांचे.

दुसरे खाते लिपीचे. 'अ' आणि 'ॲन' यांची निवड पुढील शब्दाच्या पहिल्या अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. इंग्रजी लेखन येथे फसवते, देवनागरी मात्र उच्चार जसाच्या तसा दाखवते. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन ऑनेस्ट मर्चंट'. 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभी 'य' हे व्यंजन ऐकू येते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अ वन रुपी नोट' मध्ये 'व' आहे, तर 'ॲन एल.आय.सी. एजंट' मध्ये 'ए' हा स्वर. स्वर आणि व्यंजन यांतला भेद ज्या मुलाने बाराखडीत गिरवला, त्याला हा नियम नव्याने शिकावा लागत नाही.

तिसरे खाते सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यात मातृभाषा दगा देते. 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' या दोन्हींना मराठीत 'पासून' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि आरंभबिंदूला 'सिन्स' लागतो. शिवाय 'ती येथे राहते' या वर्तमानकाळाच्या जागी 'हॅज बीन लिव्हिंग' म्हणावे लागते. मराठीच्या 'पेक्षा'ला इंग्रजीत बहुधा 'दॅन' येते. पण 'सीनिअर' आणि 'सुपीरिअर' यांच्यापुढे 'टू' येते. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' हे तोंडात येते. 'डिस्कस'ला मात्र 'अबाउट' चालत नाही. पाठांतर करायचे ते एवढेच, आणि ते काही पानांत मावते.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पाच पर्यायांतून डोळे मिटून निवड केली, तर सरासरीने पाचांतील एक उत्तर बरोबर येऊन एक गुण मिळतो आणि चार चुकांत तो जातो. हाती शून्य उरते. पण चुकीचे दोन पर्याय खात्रीने वगळता आले, तर तोच व्यवहार फायद्याचा होतो. म्हणून अर्धवट आठवणाऱ्या पुष्कळ नियमांपेक्षा पक्के ठाऊक असलेले थोडे नियम अधिक मोलाचे.

व्याकरण आपल्या परंपरेला परके नाही. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' रचले. त्याचे पहिले सात अध्याय संस्कृतचे आणि आठवा प्राकृत भाषांचा आहे. त्या आठव्या अध्यायात प्राकृताची रूपे संस्कृतावरून समजावली आहेत. परिचित भाषेच्या आधाराने दुसरी भाषा शिकवण्याची ही रीत आपल्याच ग्रंथभांडारात आहे.

तिसऱ्या प्रयत्नात त्या कन्येने इंग्रजीचा उंबरठा ओलांडला. मुख्य परीक्षा पुढे आहे, आणि स्थळांची बोलणी वडिलांनी स्वतःहून थांबवली आहेत. मराठी माध्यमातून शिकलेले मूल इंग्रजीपुढे रिकाम्या हाताने उभे राहते, अशी समजूत अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात त्याच्यापाशी एका संपूर्ण भाषेचे भांडवल असते. त्यातले काय इंग्रजीत चालते आणि काय चालत नाही, हे कोणीतरी त्याच्याशेजारी बसून पाहण्याची गरज आहे. त्यासाठी त्या बसणाऱ्याला इंग्रजी यायलाच हवे, असेही नाही.