दोरीचे पैसे आधी बाजूला काढा

हर्सूल तलावाच्या काठावर नऊ फुटी रॉडचे चार तुकडे जोडायला घेतले की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. मासा लागतो का, हे नंतर. ‘‘केवढ्याला बसलं हे?’’ आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘तेवढ्यात मासळी किती आली असती, भाऊ?’’ हिशेब चोख आहे. शेजारी बसलेले मामू बांबूची काठी, बोटभर थर्माकोल, तंगूस आणि कणकेच्या गोळ्या एवढ्या भांडवलावर चिलापीने पिशवी भरून घरी जातात. खायला मासे हवे असतील तर खुशाल त्यांच्याजवळ जाऊन बसावं, फ्लाय फिशिंगच्या नादी लागू नये. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच सांगतो. तरीही जो उठून जात नाही, त्याच्यासाठी पुढचं.

हल्ली पोरं फोनवर फोटो पाठवतात. त्यातल्या बहुतेक फोटोंत रीळ असतं. निळं, सोनेरी, भोकाभोकांचं, घड्याळासारखं चकचकीत. नजर तिकडे जाणं साहजिक आहे, पण पैसे तिकडे जाऊ नयेत. साध्या गळाची दोरी लांब जाते ती शिशाच्या वजनाने. फ्लायला वजनच नसतं. बारीक आकड्याला गुंडाळलेलं पीस आणि दोऱ्याचे चार वेढे, एवढंच. ते हाताने भिरकावलंत तर पायाशी पडेल. इथे वजन असतं दोरीत. लेप दिलेली, पाण्यावर तरंगणारी ही जाड दोरी आधी मागे न्यायची, हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग आसूड ओढावा तशी पुढे सोडायची. पीस बिचारं तिच्या मागून ओढलं जातं. म्हणून दोरीला नंबर असतात आणि ते वजनाचे असतात. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. रॉडच्या मुठीवर लिहिलेला पाचाचा आकडा याच दोरीचा असतो, माशाच्या वजनाचा नव्हे. रॉड पाचाचा, दोरी पाचाची, रीळ पाच-सहाचं, इतकं जुळलं की निम्मी खरेदी झाली.

मग रीळ करतं काय? हर्सूलच्या चिलापीपुरतं बोलायचं तर दोरी सांभाळतं. मासा लागल्यावर दोरी डाव्या हाताने ओढून घ्यायची असते, रिळाला हात लावायची वेळ सहसा येत नाही. महागड्या रिळात पैसे जातात ते ब्रेकवर. तो ब्रेक लागतो शंभर मीटर धावणाऱ्या माशाला, आणि तसला मासा नवशिक्याच्या गळाला पहिल्या वर्षी लागत नाही. कटकट वाजणारं साधं रीळ घ्यावं. मात्र त्याचं चाक फिरवून बघावं. डगडगत असेल आणि कडेच्या फटीत तंगूस शिरत असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

पैशाची खरी जागा दोरी. स्वस्तातल्या तयार सेटमध्ये रॉड बरा असतो, रीळ चालून जातं, आणि दोरी म्हणजे प्लास्टिकची नळी. पेटीतून काढली की वेटोळी धरून बसते, पाण्यावर नीट पसरत नाही. मग पोरगं महिनाभर झटतं, स्वतःच्या मनगटाला दोष देतं आणि रॉड माळ्यावर टाकतं. दोरीच्या खोक्यावर डब्ल्यूएफ-5-एफ असं लिहिलेलं असतं. पुढचा भाग जड, पाच नंबर, तरंगणारी, असा त्याचा अर्थ. एवढी अक्षरं बघून घ्यावी आणि एकूण खर्चाचा निदान तिसरा हिस्सा तिच्यासाठी ठेवावा. मला विचाराल तर अर्धासुद्धा ठेवा.

रॉड मध्यम लवचिक असावा. ताठ रॉड लांब फेकतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो, पण दोरीचं वजन हाताला कळायला हवं, तर काठी वाकायला हवी. आपल्या शहरात ही वस्तू दुकानात सहज मिळत नाही, मागवावी लागते. तेव्हा पार्सल फोडल्या फोडल्या तपासावी. चारही तुकडे जोडून कडी न् कडी एका रेषेत येते का, हे मुठीकडून एक डोळा मिटून बघावं. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढावा. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर दोरीचा लेप खरवडून टाकणार. टोकाची कडी विशेष बघा, माल स्वस्त असला की खोट हमखास तिथेच निघते.

‘‘सहा-आठ नंबरचा का नको? महाशीर लागला तर?’’ हाही प्रश्न येतोच. दख्खनच्या महाशीराची नोंद कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेवरून केली, 1839 साली. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक गळवाल्याच्या स्वप्नात तोच आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार होतात, महाडजवळच्या वाळण कोंडीत भाविक त्याला खाऊ घालतात आणि तिथे कुणी गळ टाकत नाही. हर्सूलला आहे ती चिलापी. तिला आठ नंबर म्हणजे मुंगीला मुसळ.

हा साहेबी शौक, असंही कुणी म्हणतं. फ्लायची पद्धत साहेबांनी आणली हे खरं. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमसने ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली छापलं. पण गळाची हौस आपल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1129 च्या सुमाराच्या मानसोल्लासात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे आणि कुठल्या माशाला काय चारावं याचा विचार त्यात अगदी बारकाईने केला आहे. राजाची ही खोड मला फार आवडते. आमिषाच्या बाबतीत आपणही तसंच चिकित्सक व्हावं, खर्च काही नाही. चिकनवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं आणायची, शिंप्याकडचा काळा दोरा घ्यायचा. माझ्याकडे घरातल्या विरलेल्या पैठणीच्या पदरातून सुटलेली थोडी जर आहे. बारा नंबरच्या आकड्यावर काळा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर जरीचे तीन तिरके वेढे दिले, मानेचं एक पीस डोक्याशी फिरवलं आणि गाठ मारली, की उथळ पाण्यातल्या चिलापीला पुरेसा किडा तयार. चिमटीत धरून ओला केला की पिसं मागे दबतात आणि जर तेवढी चमकते. विकतच्या पाकिटाची गरज उरत नाही.

पाण्यावर जाण्याआधी आमखास मैदानावर सकाळी फेकायचा सराव करावा. आकडा बांधायचा नाही, टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा. खडीवर नको, गवतावर. खडी दोरी खाते. तलावावर मागे बाभळी आहेत हे आधी बघून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस काटे सोडवण्यात जाईल. उन्हाळ्यात सामान गाडीत ठेवून जाऊ नका. मराठवाड्याच्या मे महिन्यात दोरीचा लेप चिकट होतो. शेवाळलेल्या पाण्यातून आल्यावर कोमट साबणपाण्यात फडका भिजवून तीस फूट पुसले तरी ती वर्षानुवर्षं टिकते. आणि मासळीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून, परवानगी घेऊनच गळ टाका. हे पाणी जुन्या शहरातली माणसं पितात, तेव्हा कापलेला तंगूस खिशात घालून घरी न्या.

दहा हजारांत हे सगळं बसवता येतं. तेवढेही नसतील तर रॉड जुना घ्या, रीळ कुणाचं उसनं आणा. दोरी मात्र वापरलेली घेऊ नका. लेपाला चिरा गेल्या की ती बुडायला लागते, आणि त्यावर दुरुस्ती नाही.