शालूची घडी

आमच्या कुटुंबास जाऊन येत्या कार्तिकात सहा वर्षे होतील. तिचा लग्नातला बनारसी शालू आमच्या करकंबच्या घरी जुन्या लाकडी पेटीत, मलमलीच्या धडप्यात गुंडाळून ठेविलेला आहे. नातीने पुण्यास नृत्य शिकावयास आरंभ केला तेव्हा, 'ही रंगमंचावर उभी राहील त्या दिवशी हा शालू हिचा,' असे तिने घरात सर्वांदेखत सांगून ठेविले होते. गेल्या उन्हाळ्यात तो दिवस जवळ आला. नात चार दिवस राहावयास आली, तेव्हा आम्ही मोठ्या समारंभाने पेटी उघडली. मुलीने शालू उचलला, कापराचा वास घेतला, आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आजीचा म्हणून हा मी जन्मभर जपेन. पण नाचताना मात्र घालणार नाही. आमचे नृत्य नव्या तऱ्हेचे आहे. साधा सुती कुडता आणि विजार. दागिने नाहीत, घुंगरूही नाहीत."

आम्ही तीन तपे शाळेत संस्कृत शिकविले. परंपरा हा शब्द आमच्या तोंडी सदैव असावयाचा. आम्ही जरा तीव्रपणेच विचारले, "मग त्यात आपले असे काय उरले?" ती चिडली नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा, आपली परंपरा म्हणजे नेमकी कधीपासूनची?"

उत्तर द्यावे म्हणून आम्ही पुस्तके काढून बसलो. आणि खरे सांगावयाचे तर पुस्तकांनी आमचा पक्ष घेतला नाही.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेषभूषा ही आहार्यात येते. तेव्हा वेष म्हणजे निव्वळ नटवेपणा नव्हे, एवढे समाधान आम्हांस मिळाले. पण पुढे कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' उघडले आणि तेथे आमची पंचाईत झाली. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांचा वाद लागतो; निवाड्यास परिव्राजिका बसते. ती सांगते की, शिष्यांनी नेपथ्याचा भार न घेता समोर यावे, म्हणजे सर्व अंगांचे सौष्ठव नीट दिसेल. राजास मालविकेचे दर्शन घडवावे हा तिचा अंतस्थ हेतू होता, हे आम्ही दर वर्षी वर्गात हसत सांगत असू. पण जे कारण ती उघडपणे देते ते शास्त्राचेच आहे. आमची नात सुती कुडता मागत होती तेव्हा ती याहून निराळे काय म्हणत होती?

ज्या पोशाखास आम्ही प्राचीन म्हणून हात जोडीत आलो त्याची जन्मकथा तर फारच अलीकडची निघाली. भरतनाट्यमचा पंख्यासारख्या चुण्यांचा, शिवलेला पोशाख आज सर्वत्र दिसतो. पूर्वी देवदासी विजारीवर लुगडे गुंडाळून नाचत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ साली अड्यार येथे जाहीर नृत्य केले, आणि त्या सुमारास मंदिरांतील मूर्ती पाहून त्यांनी नवा वेष घडविला. म्हणजे आमची 'सनातन' परंपरा वयाने आमच्या मातोश्रींच्या पिढीची! उदय शंकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये ॲना पाव्हलोव्हाबरोबर राधाकृष्णाचे नृत्य केले, आणि पुढे अजिंठा-वेरूळच्या चित्रशिल्पांतून आपली वेषभूषा व अंगविक्षेप घेतले. मेनका या नावाने गाजलेल्या लीला सोखी (१८९९–१९४७) यांनी कथ्थकास कथानकाची जोड देऊन समूहनृत्याची नाट्ये रचली. कालिदासाची मालविकाही त्यांनी नृत्यरूपाने रंगमंचावर आणिली. १९३६ साली बर्लिनच्या नृत्यमहोत्सवात त्यांच्या पथकाचा गौरव झाला. आपल्या खंडाळ्यास त्यांनी नृत्यशाळाही चालविली. ही सर्व मंडळी त्या काळी 'नवी'च होती.

परदेशातही हेच घडले. अठराव्या शतकात पॅरिसला मारी कामार्गो हिने पायांची चपळाई दिसावी म्हणून घागरा वर घेतला, तेव्हा लोक दचकले. १८३२ साली मारी टॅग्लिओनी पांढऱ्या तलम घेरदार वस्त्रात नाचली, आणि तोच बॅलेचा ठरीव वेष होऊन बसला. पुढे इसाडोरा डंकन हिने तोही टाकिला आणि ती सैल झग्यात, अनवाणी नाचू लागली. आपल्याकडे, महाराष्ट्रात वाडा येथे जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी १९८५ साली 'अंगिका' सादर केले. त्यात भरतनाट्यमचे दागिने व भरजरी वेष त्यांनी बाजूस सारिले. नावच बोलके आहे: आहार्य कमी करून आंगिकाकडे परत जाणे. एका पिढीचे बंड पुढच्या पिढीचा सोवळा नियम होतो, असे हे चक्र दिसते.

येथपर्यंतची चर्चा पुस्तकी होय. परंतु पुस्तके मिटली तरी त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, त्याचे कारण निराळे.

सुमारे तीस वर्षांमागे शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था आमच्याकडे होती. नववीतल्या एका मुलीने नृत्यासाठी नाव दिले. तिची आई संगीतबारीत होती. मुलीस आईची नऊवारी नेसून लावणी करावयाची होती. आम्ही तिचे नाव खोडले. 'हे विद्यामंदिर आहे,' असे काहीसे बोललोही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या दोन मुली भाड्याने आणिलेल्या भरतनाट्यमच्या पोशाखात एका चित्रपटगीतावर नाचल्या, आणि आम्ही भाषणात त्यांस भारतीय संस्कृतीच्या रक्षणकर्त्या म्हटले. ती मुलगी शेवटच्या रांगेत बसली होती. सुटीनंतर ती शाळेत आली नाही. आमच्या नकारामुळेच तिने शाळा सोडली असे म्हणवत नाही. पण आम्ही चौकशीही केली नाही, हे खरे.

आता विचार केला म्हणजे लाज वाटते. आमच्या मातोश्री जन्मभर नऊवारीच नेसल्या. त्याच वस्त्रात त्यांनी देवपूजा केली, पुरण वाटले. नेसण्याची तऱ्हा निराळी, कासोटा मात्र तोच. सोलापूरच्या राम जोशींसारख्या संस्कृतज्ञ ब्राह्मणाने लावण्या रचिल्या, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगत असू. लावणी रचणारा आमचा. ती नाचून जिवंत ठेवणारी मात्र परकी! त्या मुलीच्या घरात ती कला पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. परंपरा म्हणावी ती तिचीच होती, आणि पोशाख पाहून आम्ही तीच दाराबाहेर ठेविली.

पुण्याचा प्रयोग आम्ही पाहिला. सर्वच आवडले असे म्हणत नाही. काही मुलांनी केवळ जमिनीवर लोळण्यालाच नवेपणा मानिले होते, आणि दागिना टाकिला म्हणून नर्तन आपोआप शुद्ध होते असेही नाही. पण आमची नात बैठक मारून जात्यावर दळण्याचा आविर्भाव करू लागली, तेव्हा तिचे खांदे, मनगट, मानेचा बाक सर्व स्वच्छ दिसले. आमचे कुटुंब पहाटे तसेच बसत असे. शालू असता तर आम्ही शालूच पाहिला असता.

करकंबास परतल्यावर पेटी पुन्हा उघडली. आमचे कुटुंब दर वर्षी दसऱ्यापूर्वी शालू उन्हाआड वाऱ्यावर टाकी आणि त्याची घडी बदली. एकाच घडीवर ठेविले तर रेशीम घडीवरच विरते, जर तुटते, असे ती म्हणे. ती गेल्यापासून आम्ही केवळ आदराने त्यास हात लाविला नव्हता. नातीने उचलला तोही जुन्या घडीनिशीच परत ठेविला होता. उलगडून पाहतो तो एका घडीवर रेषेसारखा विरलेला भाग दिसला. आम्ही तो जपून नव्या घडीवर घातला. दर वर्षी येऊन हे काम आपण करू, असे नातीने पत्राने कळविले आहे.