गंजलेला सायलेन्सर
पोलादाच्या सळयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात जुन्या मारुती ८०० चा सायलेन्सर, म्हणजे इंजिनातला धूर मागे वाहून नेणारी व त्याचा आवाज दबवणारी नळी आणि पेटी, गंजून फुटतो, तेव्हा ठिगळ लावावे की नवा बसवावा हा प्रश्न वरवर खर्चाचा वाटला, तरी त्यात जुन्या वस्तूची माया गुंतलेली असते. पेट्रोल जळताना वाफही तयार होते; जवळच्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही, वाफेचे पाणी आतच साचते आणि पत्रा आतून झिजतो, म्हणून बाहेरून धड दिसणाऱ्या भागावर वेल्डिंग टिकेलच असे नसते. शिवाय फटीतून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड, हा रंग-गंध नसलेला विषारी वायू, गाडीत शिरू शकतो. तेथे मायेने मागे सरणेच योग्य. तरीही काढलेली नळी भंगारात देताना मन घुटमळते. येथील भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया घडवल्या जातात, याचा त्या मनाला थोडा आधार वाटतो; मात्र १९८३ मध्ये बाजारात आलेली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी आणखी किती काळ जपावी, याचे उत्तर त्या आधाराने मिळत नाही.