तार न तोडता

आमच्या सांगलीकडे उन्हाळ्याच्या वाळवणात शेवयांचा मान मोठा. खपली गव्हाचा रवा मिठाच्या पाण्यात भिजवून आजी तो तेलाच्या हाताने तिंबत बसायची. पाट एका बाजूने डब्यावर टेकवून तिरका ठेवलेला. त्यावर उंडा तळव्याने वळत, बोटांनी ओढत ती एकसारखी बारीक तार काढायची आणि आई ती अलगद काठीवर घ्यायची. तार तुटली की वळणारीचा हात कच्चा, असं बायका सरळ म्हणत. सणाला त्या शेवया वेळून, वर गुळवणी आणि तूप घालून आम्ही हातानेच ओरपायचो.

लग्नानंतर नेदरलँड्सला, आम्स्टेलव्हेनला आले. डच घरांत शेवई भेटते ती सूपमध्ये, खिम्याच्या गोळ्यांबरोबर, चमच्यात मावेल एवढी आखूड. मुलांच्या ताटात स्पॅगेटीसुद्धा सुरीने कापून पडते. लांब तारेचा मान मला पुन्हा दिसला तो नेपल्सकडच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात.

तिचं माप ठरलेलं: १०० ग्रॅम स्पॅगेटीला १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळलं की काड्या सबंध सोडायच्या. बुडालेला भाग मऊ झाला की उरलेला आपसूक खाली बसतो; मोडायला नको, तेलही नको. आत किंचित कणी असतानाच काढून टोमॅटोच्या रश्शात टाकायच्या आणि वर पळीभर येळवणी घालायचं. त्यातल्या पिठुळपणाने रस्सा तारेला धरून राहतो. खाताना दोन-चार तारा काट्यात घेऊन ताटाच्या काठाशी गुंडाळायच्या. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या रस्त्यांवर लोक त्या हातात धरून, मान वर करून खात. हे ऐकल्यावर ती मंडळी मला आमच्याच पंगतीतली वाटली.

नातं गव्हाचंही आहे. इटलीत १९६७पासून कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच लागतो. आपला बन्सी हा ड्युरमच, आणि खपली त्याच कुळातली. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात पूर्वी पास्ता भर रस्त्यात काठ्यांवर वाळत असे. घाईने वाळवला की त्याला तडे जातात. लांब तार अखंड ताटात येते, ती करणाऱ्यांनी धीर धरला म्हणून.

माझी लेक आता शेवया वेळते, स्पॅगेटीही न मोडता शिजवते. करणाऱ्याने तार राखायला जीव ओतला, तर खाणाऱ्याने ताटावर थोडं जास्त बसावं, हे मी तिला आवर्जून सांगते.